राखेच्या तक्त्यात नसलेला रकाना

भाईंदरहून निघालेली डहाणू लोकल खाडीचा पूल ओलांडते, नायगाव, वसई, विरार मागे टाकते आणि वैतरणा, सफाळे, केळवे, पालघर करत बोईसरला पोहोचते. बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. गाडी पुढे वाणगाव घेऊन डहाणू रोडला थांबते. तिथे खाडीकाठी कोळशावर चालणारं ५०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे आणि त्याची सुमारे पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी दूरवरून दिसते. १९९५च्या सुमारास ते बीएसईएस या वीज कंपनीने मुंबईच्या उपनगरांसाठी उभारलं. पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८मध्ये अदानी समूहाकडे गेलं. बीएसईएसचं वितरण क्षेत्र वांद्र्यापासून थेट मीरा-भाईंदरपर्यंत पसरलेलं होतं आणि आजही ते तसंच आहे. म्हणजे मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीत लिफ्ट वर जाते, तेव्हा तिच्यामागे डहाणूच्या बॉयलरचाही वाटा असतो.

बोईसर आणि डहाणू यांच्यात लोकलने अर्ध्या तासाचंही अंतर नाही. पण किरणोत्साराच्या बाबतीत या दोन ठिकाणी आपण अगदी वेगळे वागतो. तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. आसपासचं पाणी, माती, दूध, भाजीपाला, मासे आणि समुद्री शेवाळ यांचे नमुने ती वर्षानुवर्षं तपासत आली आहे. देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ अशी प्रयोगशाळा असते आणि केंद्र सुरू होण्याच्या आधीपासून ती कामाला लागते. डहाणूच्या चिमणीवर धूळ मोजतात, सल्फर डायऑक्साइड मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतात. कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५मध्ये जे उत्सर्जन निकष आले, त्यांत पारासुद्धा आहे. युरेनियम, थोरियम आणि त्यांच्यापासून तयार होणारी मूलद्रव्यं मात्र त्या यादीत नाहीत. ती कोळशात असतात, हे शास्त्राला अनेक दशकं ठाऊक आहे, तरीही.

माझं म्हणणं असं आहे: कोळशातला आणि राखेतला नैसर्गिक किरणोत्सार प्रत्येक केंद्रावर नियमित मोजला जावा आणि त्याचा आकडा लोकांसमोर यावा. तो आकडा भयंकर निघेल, असं मला वाटत नाही. बहुतेक ठिकाणी तो साधाच निघेल. पण आकडाच समोर नसेल, तर साधा आणि भयंकर यांत फरक करायचा कशाच्या आधारावर? आज डहाणूपासून चंद्रपूरपर्यंतच्या नागरिकांना तो आधार मिळत नाही.

मुळात कोळशात किरणोत्सार येतो कुठून? दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या थरांतून हजारो वर्षं पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेलं युरेनियम कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याने धरून ठेवलं. थोरियम आणि पोटॅशियम आले ते मुख्यतः वाहत आलेल्या चिखलाबरोबर. आपल्याकडचा वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा गोंडवाना काळातला आहे. तो तयार होताना त्यात गाळ भरपूर मिसळला आणि म्हणूनच भारतीय कोळसा जळल्यावर तीस-चाळीस टक्के राख मागे उरते. इंडोनेशियातून जहाजाने येणाऱ्या कोळशात राख कितीतरी कमी असते, अनेकदा दहा टक्क्यांच्या आतच.

आता थोडे आकडे. एका सेकंदात एक अणू फुटला, तर त्याला एक बेकरेल म्हणतात. किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने जगभरच्या कोळशासाठी सरासरी धरली होती ती एका किलोमागे युरेनियम-२३८चे २० बेकरेल, थोरियम-२३२चे २० आणि पोटॅशियम-४०चे ५०. साध्या मातीसाठी याच समितीचे आकडे अनुक्रमे ३५, ३० आणि ४०० आहेत. म्हणजे सरासरी कोळसा हा पायाखालच्या सरासरी मातीपेक्षा कमी किरणोत्सारी असतो. हे वाक्य ऐकून पुष्कळांना हायसं वाटतं. काही जण तर विषय तिथेच संपवतात.

पण वीज केंद्र कोळसा जाळतं. कार्बन वायू होऊन निघून जातो आणि युरेनियम-थोरियम बहुतांशी राखेत उरतात. बासुंदीसाठी दूध आटवत ठेवलं की पाणी उडतं आणि साखर मात्र भांड्यातच राहून घट्ट होत जाते, तसाच हा प्रकार. दूध किती आटलं, यावर गोडी ठरते. एका किलोत २० बेकरेल युरेनियम असलेला कोळसा घ्या. त्यात राख चाळीस टक्के असेल, तर राखेच्या एका किलोत ५० बेकरेल येतील, मातीपेक्षा थोडेच जास्त. त्याच कोळशात राख दहा टक्के असेल, तर तोच आकडा २००वर जाईल. एकूण किरणोत्सार दोन्हीकडे सारखाच आहे. पहिल्या बाबतीत तो राखेच्या मोठ्या ढिगात पसरला, दुसऱ्या बाबतीत लहान ढिगात दाटला.

या साध्या हिशोबातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देतात. पहिली अशी, की आपण ज्याला निकृष्ट म्हणतो त्या भारतीय कोळशाची राख, किलोमागे पाहिलं तर, उंची आयात कोळशाच्या राखेपेक्षा कमी किरणोत्सारी असू शकते. दुसरी गोष्ट धोरणासाठी जास्त महत्त्वाची आहे. डहाणूसारखं केंद्र धुतलेला देशी कोळसा आणि आयात कोळसा यांचं मिश्रण जाळतं. हे मिश्रण बाजारभावाप्रमाणे, खाणीच्या उत्पादनाप्रमाणे, जहाजांच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलत राहतं आणि त्याबरोबर राखही बदलते. त्यामुळे एका वर्षी एक नमुना तपासून दिलेलं प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या राखेबद्दल फारसं काही सांगत नाही.

सरासरीत टोकं लपतात, हेही लक्षात घेतलं पाहिजे. अमेरिकेतल्या डाकोटा भागातल्या लिग्नाइटमध्ये इतकं युरेनियम होतं, की १९६०च्या दशकात तो कोळसा जाळून राखेतून युरेनियम काढलं गेलं. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या फ्रायटाल परिसरात युरेनियमयुक्त कोळसा त्या युरेनियमसाठीच खणला जात होता. हंगेरीतल्या अयका आणि तातबान्या या गावांची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. तिथल्या कोळशाची भट्टीतली राख घरांच्या बांधकामात भराव म्हणून वापरली गेली आणि पुढे त्या घरांत किरणोत्साराची पातळी नेहमीपेक्षा जास्त आढळली. त्या राखेकडे लोक फुकटचा, हलका, उबदार भराव म्हणूनच पाहत होते. कोळसा तपासलेला असता, तर ती घरं वेगळ्या सामानाने बांधली गेली असती.

मोजमाप कसं होतं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. हल्ली कोणीही हजार-दोन हजारांचं यंत्र मागवतं, राखेजवळ धरतं आणि त्याच्या टिकटिकीचा व्हिडिओ फिरवतं. त्या टिकटिकीत आकाशातून येणारे किरण असतात, जमिनीतले असतात, शेजारच्या ग्रॅनाइटच्या ओट्यातलेही असतात. राखेतलं युरेनियम किती आणि थोरियम किती, हे ते यंत्र सांगू शकत नाही. खरं काम संथ आहे. राख किंवा कोळसा सुमारे ११० अंशांवर सुकवायचा, बारीक करायचा, चाळायचा, वजन करून डब्यात भरायचा आणि डबा हवाबंद करायचा. मग जवळजवळ महिनाभर थांबायचं. थांबायचं, कारण रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो आणि उघड्या नमुन्यातून तो निसटतो. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. चार आठवड्यांत तो डब्याच्या आत पुन्हा साठतो आणि त्याच्यानंतर येणारी शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही अल्पायुषी मूलद्रव्यं रेडियमच्या तोलात येतात. त्यानंतर डबा शिशाच्या जाड भिंतींच्या आत, जर्मेनियमच्या शोधकावर ठेवतात. द्रव नायट्रोजनने गार केलेला तो शोधक तासन्‌तास गॅमा किरण मोजत राहतो. बिस्मथ-२१४ची खूण ६०९ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला उमटते, पोटॅशियम-४०ची १४६१ला, थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ची २६१४ला. रिकामा डबा तितकाच वेळ ठेवून पार्श्वभूमीचा आकडा वजा करतात. कोळसा हलका आणि राख जड, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण नमुन्यातच किती अडकले याचीही दुरुस्ती करावी लागते.

इथे एक बारकावा आहे, तो दुर्लक्षून चालत नाही. जमिनीखाली निवांत पडलेल्या कोळशात युरेनियमपासून रेडियम आणि पुढे शिसं-२१०, पोलोनियम-२१० अशी सगळी साखळी बहुतेक तोलात असते. बॉयलरमध्ये दीड हजार अंशांच्या आसपासच्या आगीत ती साखळी तुटते. शिसं आणि पोलोनियम वाफ होऊन उडतात आणि धूर गार होताना सगळ्यात बारीक कणांवर जाऊन बसतात. म्हणून तळाची जाड राख तपासून उडत्या राखेबद्दल बोलता येत नाही आणि उडत्या राखेतही जाड कणांवरून बारीक कणांचा अंदाज बांधता येत नाही. नमुना कुठून घेतला, धूळ पकडणाऱ्या यंत्रणेच्या कोणत्या कप्प्यातून घेतला, हे अहवालात लिहिलं नसेल, तर तो अहवाल अर्धाच समजायचा.

हे काम महाराष्ट्राला परकं नाही. कोळशाच्या केंद्रांमुळे लोकांना किती किरणोत्सार मिळतो, याचा अभ्यास तुर्भ्याच्या भाभा केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच केला होता. टाटांचं कोळशावर चालणारं तुर्भे वीज केंद्रही त्याच परिसरात उभं आहे. वाशीला विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाची प्रयोगशाळा आहे आणि तिथे खाद्यपदार्थांपासून अनेक वस्तूंचा किरणोत्सार तपासून दिला जातो. यंत्र आहे, माणसं आहेत, अनुभव आहे. मीरा-भाईंदरहून ठाण्याच्या वाटेने गेलं, तर हे सगळं एका दिवसाच्या येण्याजाण्यात आहे.

या विषयावर लोक बोलत आलेच आहेत. फक्त बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी आकड्यांचा उपयोग आपापल्या वादासाठी केला. डिसेंबर १९७८मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. कोळशाच्या केंद्रातून हवेत जाणाऱ्या किरणोत्सारामुळे आसपासच्या लोकांना मिळणारी मात्रा अणुवीज केंद्राइतकी किंवा त्याहून अधिक असू शकते, असं त्यात दाखवलं होतं. त्यांनी कोळशात दशलक्षात एक भाग युरेनियम आणि दोन भाग थोरियम धरलं होतं आणि एक टक्का राख चिमणीतून बाहेर जाते असं मानलं होतं. अणुऊर्जेच्या पुरस्कर्त्यांनी हा निबंध डोक्यावर घेतला, पण त्यामागची गृहीतकं सांगायला ते विसरले. २००७मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने कोळशाची राख अणुकचऱ्याहून अधिक किरणोत्सारी, अशा मथळ्याचा लेख छापला. हा मथळा जगभर फिरला. नंतर मासिकाला खुलासा जोडावा लागला, की तुलना आहे ती चालू केंद्रांच्या परिसरात पसरणाऱ्या किरणोत्साराची. वजनाला वजन लावलं, तर वापरलेलं अणुइंधन राखेच्या कितीतरी पट घातक असतं. मथळा वाचलेल्या किती जणांनी तो खुलासा वाचला असेल?

दुसऱ्या बाजूचाही एक आकडा पाहू. हिशोब माझाच आहे. ५०० मेगावॉटचं केंद्र वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेने चाललं आणि एका युनिटला सरासरी दोन-तृतीयांश किलो कोळसा लागला, तर वर्षाला तेवीस-चोवीस लाख टन कोळसा जळेल. जागतिक सरासरीने एका टनात सुमारे १.६ ग्रॅम युरेनियम, म्हणजे वर्षाला पावणेचार टनांच्या आसपास. ‘डहाणूत वर्षाला चार टन युरेनियम’ एवढंच वाक्य फलकावर लिहून मोर्चा काढला, तर काय होईल? आता याच पद्धतीने मातीचा हिशोब करा. एक चौरस किलोमीटर जमिनीच्या वरच्या एका मीटर थरात, जागतिक सरासरीची माती धरली, तर युरेनियम असतं चार टनांच्या थोडं वरच. मीरा-भाईंदर महापालिकेचं क्षेत्र जवळपास ऐंशी चौरस किलोमीटर आहे. आपली कोकणातली काळ्या बेसॉल्टची जमीन जागतिक सरासरीपेक्षा गरीब आहे, म्हणजे इथे हा आकडा कमीच येईल, पण लहान येणार नाही. टनांच्या आकड्याने घाबरायचं, तर आधी आपल्याच अंगणाला घाबरावं लागेल.

दोन्हींत फरक आहे तो हालचालीचा. माती आपल्या जागी असते. राख ट्रकने जाते, पाइपातून वाहते, वाऱ्याने उडते, भिंतीत बसते आणि तिचा अगदी बारीक अंश श्वासात येतो. म्हणून प्रश्न किती टन हा नसून कुठे आणि किती दाट हा आहे. त्याचं उत्तर टनांत मिळत नाही, बेकरेल प्रति किलो आणि माणसाला मिळणारी मात्रा या मापांत मिळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या त्याच समितीने २०१६च्या अहवालात वीजनिर्मितीच्या वेगवेगळ्या पद्धतींमुळे जगातल्या जनतेला मिळणाऱ्या एकूण मात्रेचा ताळेबंद मांडला. कोळशाचा वाटा अर्ध्याहून जास्त निघाला, अणुऊर्जेचा पाचव्या हिश्शाहून कमी. त्यात कोळशाच्या खाणींतून बाहेर पडणारा रेडॉनही धरलेला होता. अर्थात तेव्हा जगात कोळशाची वीज अणुविजेच्या तिप्पट होती. युनिटमागे पाहिलं, तर दोघांतलं अंतर बरंच आटतं. शिवाय एका माणसाच्या वाट्याला येणारी मात्रा नैसर्गिक पार्श्वभूमीच्या, म्हणजे वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्टच्या, तुलनेत फारच थोडी असते. या अहवालातून मी कोणाला दोषी ठरवत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की हे दोन्ही स्रोत एकाच मापाने मोजण्याजोगे आहेत. मग बोईसरला प्रयोगशाळा आणि डहाणूला काहीच नाही, या व्यवस्थेला शास्त्राचा आधार उरत नाही. कायदा इंधनाचं नाव पाहून ठरवतो आणि आपणही तसंच ठरवत आलो.

आता मीरा-भाईंदरच्या भिंतींकडे येतो. १९८५मध्ये नगरपालिका, २००२मध्ये महापालिका आणि २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून जास्त लोक. मिठागरं आणि शेतं मागे सारत हे शहर दोन पिढ्यांत काँक्रीटमध्ये उभं राहिलं. याच काळात राख बांधकामात येत गेली. १४ सप्टेंबर १९९९च्या अधिसूचनेने वीज केंद्रांभोवतीच्या ५० किलोमीटरमधल्या वीटभट्ट्यांना राख मिसळणं सक्तीचं केलं. पुढच्या दुरुस्त्यांनी अंतर ३००वर नेलं आणि ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने सगळी राख वापरात आणण्याचं बंधन घातलं. पोझोलाना सिमेंटमध्ये पस्तीस टक्क्यांपर्यंत राख असते. हलक्या, पांढुरक्या एएसी ब्लॉकमध्ये ती साठ-सत्तर टक्के असू शकते. आपल्या इमारतीत राख कोणत्या केंद्राची आहे, हे रहिवाशाला कळायला कुठलाच मार्ग नाही.

हे धोरण मला मान्य आहे, हे आधीच सांगतो. राख भिंतीत जाणं ती तळ्यात साचण्यापेक्षा पुष्कळ बरं. तिच्यामुळे शेतांची सुपीक माती वाचते, सिमेंट कमी लागतं, कार्बन कमी होतो. आणि किरणोत्साराचा हिशोबही बहुतेक वेळा तिच्या बाजूनेच लागेल. बांधकाम साहित्यासाठी एक मान्य सूत्र आहे: रेडियमच्या बेकरेलमध्ये थोरियमचे १.४३ पट आणि पोटॅशियमचे ०.०७७ पट मिळवायचे, बेरीज ३७०च्या आत असावी. जागतिक सरासरी मातीची बेरीज येते १०९च्या आसपास. उदाहरणासाठी अशी राख धरू, जिच्यात रेडियम १००, थोरियम १०० आणि पोटॅशियम ३०० आहे. तिची बेरीज २६६. पोझोलाना सिमेंटच्या काँक्रीटमध्ये अशी राख वजनाच्या चार-पाच टक्के आली, तर भर पडते ती जेमतेम अकरा ते तेराची. पासष्ट टक्के राखेच्या ब्लॉकमध्ये तिचा वाटा १७३ होतो. तोही मर्यादेच्या आतच आहे. आणखी एक दिलासा आहे. उडत्या राखेचे कण आगीत वितळून काचेसारखे झालेले असतात. त्यामुळे त्यांतला रेडॉन मातीतल्याइतका सहज बाहेर पडत नाही. रेडियम जास्त असूनही अशा भिंतीतून खोलीत येणारा रेडॉन कमी असू शकतो.

हा दिलासा मात्र मी धरलेल्या आकड्यांवर उभा आहे. रेडियम १००च्या जागी ३०० असतं, तर तोच ब्लॉक तीनशेच्या पुढे गेला असता. खोलीच्या चारही भिंती त्याच्या, दार-खिडक्या बंद आणि एसी चालू असेल, तर ते घर अभियंत्याने दोनदा विचार करावा असं झालं असतं. घर घेताना आपण चटई क्षेत्र विचारतो, पाण्याचा कोटा विचारतो, पार्किंग विचारतो. ब्लॉक पुरवणाऱ्याकडे राखेचा स्रोत आणि तिची बेरीज असलेलं एक पान असणं ही त्याहून अवघड मागणी नाही. युरोपीय संघाने २०१३च्या निर्देशात बांधकाम साहित्यासाठी अशी मोजणी आणलीही आहे.

मोजण्यामागे एक जबाबदार संस्था उभी असली की काय घडतं, हे डहाणूनेच दाखवलं आहे. २० जून १९९१ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६मधल्या आदेशातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. चिकूच्या वाड्या, वारली पाडे, मच्छीमार आणि वीज कंपनी या सगळ्यांची बाजू तिथे ऐकली गेली. धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९मध्ये दिला. कंपनी लढली, वेळ गेला, पण २००७मध्ये यंत्रणा बसली. देशातल्या बहुसंख्य केंद्रांवर तेव्हा अशी यंत्रणा नव्हती. एका तालुक्याच्या चिवटपणाचं हे फळ होतं. धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत गेले. त्यांनी घालून दिलेली रीत, म्हणजे तक्रार ऐकायची, मोजमाप मागायचं आणि उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही, ही मला कुठल्याही तंत्रज्ञानापेक्षा मोलाची वाटते.

विदर्भाला असं प्राधिकरण मिळालं नाही. राज्याचा सगळ्यात जास्त कोळसा तिथे जळतो. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत, नदीत शिरला. त्या गाळात पारा, आर्सेनिक, शिसं किती आणि रेडियम किती, हे बंधारा फुटण्याच्या आधीच ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक असतं, तर शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, की माती खरवडून काढायची की नांगरून टाकायची.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. काही पर्यावरण कार्यकर्ते म्हणतात, किरणोत्साराची चर्चा हा मुख्य प्रश्नापासून पळ आहे. कोळशाने माणसं आजारी पडतात ती बारीक धुळीने, गंधकाने, पाऱ्याने. किरणोत्साराचा वाटा त्यापुढे नगण्य. या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे आणि तो ठासून सांगितलाच पाहिजे. राख हाताळणाऱ्या कंत्राटी कामगाराला आज सगळ्यात मोठा धोका आहे तो फुप्फुसात जाणाऱ्या सिलिकाचा. पण पोलोनियम आणि शिसं बसतात ते त्याच सर्वांत बारीक कणांवर, जे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दोन्हींचा उपाय एकच: धूळ पकडणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवणं, राख ओली ठेवणं, ट्रक झाकणं, कामगाराला खरा मास्क देणं. किरणोत्साराचा आकडा धुळीच्या आकड्याशेजारी छापला, तर तो धुळीविरुद्धचाच पुरावा ठरतो. आणि आकडा अगदी लहान निघाला, तर तोही छापावा. म्हणजे पुढच्या वेळी कोणी कामगारांना किंवा गावाला खोट्या भीतीने हलवू शकणार नाही.

कंपन्यांकडून दुसरा आक्षेप येईल, खर्चाचा. एका नमुन्याच्या गॅमा तपासणीचा खर्च लाखो टन कोळसा विकत घेणाऱ्या केंद्रासाठी हिशोबातही दिसणार नाही. वेळ लागतो तो महिनाभराचा आणि तेवढा वेळ राखेच्या तळ्याकडे नक्कीच असतो.

मोजायला सांगणारा कागदही सरकारकडे आहे. साधारण २०१०नंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालय औष्णिक केंद्रांना मंजुरी देताना एक अट घालत आलं आहे: कोळशातला किरणोत्सार आणि जड धातू यांचा दीर्घकालीन अभ्यास नामांकित संस्थेकडून करून घ्यावा, दर दोन वर्षांनी निष्कर्ष कळवावेत आणि पुढे कोळसा आणि राख यांच्यासाठी कायमची मोजणी यंत्रणा उभारावी. अट चांगली आहे. तिच्यात दोन उणिवा आहेत. ती त्या काळानंतर मंजुरी मिळालेल्या केंद्रांना लागते. डहाणूची मंजुरी १९८९ची आहे आणि महाराष्ट्रातले अनेक जुने संच त्याच्याही आधीचे. दुसरी उणीव अशी, की निष्कर्ष जातात ते सहामाही अनुपालन अहवालांत, शेकडो पानांच्या इंग्रजी परिशिष्टांत. तिथे ते शोधायला चंद्रपूरचा शेतकरी किंवा मीरा रोडची गृहनिर्माण संस्था जाणार नाही.

दुसरीकडे, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी राखेचा अहवाल काढतं. कोणत्या केंद्रात किती कोळसा जळला, त्यात राखेचं प्रमाण किती टक्के होतं, किती राख निघाली, किती सिमेंटला गेली, किती विटांना, किती भरावाला, सगळं केंद्रनिहाय तक्त्यात असतं. त्याच तक्त्यात तीन रकाने वाढवावेत: रेडियम, थोरियम, पोटॅशियम, बेकरेल प्रति किलो, वर्षातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त. चौथ्या रकान्यात त्यांची बेरीज. नमुने केंद्राने स्वतः न घेता प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यावेत, कोळशाचा स्रोत बदलला की पुन्हा घ्यावेत आणि मंजुरी १९८९ची असो की २०१९ची, नियम एकच असावा. डहाणूच्या प्राधिकरणासमोर आणि विद्युत नियामक आयोगाच्या जनसुनावणीत मीरा-भाईंदरच्या वीज ग्राहकांनी ही मागणी मांडावी. दरवाढीवर हरकत नोंदवण्याचा हक्क आपल्याला आहेच. ज्या कोळशाचे पैसे आपण बिलातून भरतो, त्यात काय आहे हे विचारण्याचा हक्कही त्याच सुनावणीत वापरता येतो.